तळघरातल्या आठ बाटल्या : प्रकल्प नोंदी, रामबाग, इंदूर

२७ ऑक्टोबर २०२२

काल भाऊबीज झाली. ताई-भाऊजी महिनाभर फ्रान्समध्ये लियोंला लेकाकडे राहून परत आले, सोबत भाचा आणि सूनबाईही दिवाळीला आले. परदेशातून येताना माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. त्यात ७५० मिलिलीटरच्या दोनच बाटल्या बसतात. चार माणसं, आठ बाटल्या. मोज्यांत आणि भाऊजींच्या स्वेटरांत गुंडाळून आणल्या, एकही फुटली नाही.

चार बाटल्या लाल वाइनच्या, पिनो न्वार द्राक्षाच्या : फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या सव्हिन्यी-ले-बोन गावची, २०१९. चार पांढऱ्या वाइनच्या, शार्डोने द्राक्षाच्या : शाब्लीची, प्रीमिये क्रू म्हणजे वरच्या प्रतीच्या मळ्यांतली, २०२०. चार ताईच्या, चार माझ्या. पण आठही माझ्याकडेच राहणार, कारण ताईचा फ्लॅट पाचव्या मजल्यावर पश्चिमेला आहे आणि भाच्याचं म्हणणं, "मावशी, तुझ्याकडे तळघर आहे ना!"

कधी उघडायच्या ते लियोंच्या दुकानदाराने त्याला कागदावर लिहून दिलंय : शाब्ली २०२४ ते २०२८, पिनो २०२५ ते २०३०. मी विचारलं, हे कोणत्या तापमानाला? तो माझ्याकडे बघतच राहिला. सव्वीस वर्षं पीथमपूरला औषध कारखान्यात स्टॅबिलिटी विभागात काढली आहेत मी. गोळीच्या पाकिटावर मुदतीची तारीख असेल आणि 'अमुक अंशांच्या खाली ठेवा' हे नसेल, तर त्या तारखेला आमच्याकडे कोणी विचारत नाही. वाइनच्या तारखा मात्र सगळे अशाच सांगतात. घोटभर कळतं मला वाइनमधलं, पण साठवणीतलं कळतं. म्हणून ही वही.

३० ऑक्टोबर २०२२

तळघर झाडून घेतलं. चौदा पायऱ्या, काळ्या दगडाच्या भिंती, एकच झरोका, तोही अंगणाच्या बाजूला. आजेसासऱ्यांच्या वेळी इथे वर्षाचा गहू असायचा. आता सासूबाईंच्या लोणच्या-मुरांब्याच्या बरण्या, एक मोडका पाळणा आणि माझ्या लग्नातली न उघडलेली डिनरसेटची पेटी.

सुताराकडून लाकडी घोडी करून घेतली, बाटल्या आडव्या राहतील अशी. आडव्या ठेवल्या की बूच आतून ओलं राहतं, वाळून आकसत नाही. सुतार म्हणाला, "दीदी, अचार की शीशी लिटा के कौन रखता है?" उत्तर द्यायच्या आत सासूबाईच वरून म्हणाल्या, "ते फिरंगी लोणचं आहे, झोपून मुरतं."

प्रत्येक बाटलीवर काचेवर लिहायच्या पेनाने क्रमांक टाकला : पि-१ ते पि-४, शा-१ ते शा-४. लेबलांवर भरवसा ठेवायचा नाही, ही नोकरीतली सवय. तापमान-आर्द्रता टिपणारी दोन यंत्रं आणलीत, दर अर्ध्या तासाला नोंद घेतात.

१२ नोव्हेंबर २०२२

पहिले तेरा दिवस : २३.६ ते २४.३ अंश. रात्री वर १३ पर्यंत उतरत होतं, खाली हूं नाही की चूं नाही. सगळ्यांना आनंद झाला : बघ, केवढं स्थिर! स्थिर आहे, खरं आहे. पण थंड नाही. मेमध्ये ४२ अंशांतून खाली उतरलं की २८ सुद्धा माठातल्या पाण्यासारखं वाटतं, त्याने आपण फसतो. जमिनीच्या पोटातलं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीपाशी रेंगाळतं. बर्गंडीतल्या बोन शहराची सरासरी ११-१२ अंशांची, म्हणून तिथली तळघरं आपोआप १२-१३ वर राहतात. इंदूरची सरासरी पंचविशीला टेकलेली. आपल्या तळघराने आपल्या गावाचा गुण घेतला, यात त्याचा काय दोष!

आता योजना अशी : अर्ध्या बाटल्या (पि-१, पि-२, शा-१, शा-२) १३ अंशांच्या वाइन-फ्रिजमध्ये, उरलेल्या चार तळघरात. वर्षभराने जोडीजोडीने उघडायच्या. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझ्या दोन बाटल्यांवर तू प्रयोग करणार?" हो म्हणाले.

शून्य दिवसाची चाचणी मात्र नाही, ही उणीव इथेच लिहून ठेवते. भाच्याने गेल्या महिन्यात तिकडे त्याच खोक्यातली एकेक उघडली होती, त्याच्या फोनवरच्या दोन ओळी तेवढ्या आहेत. शाब्ली : 'लिंबू, हिरवं सफरचंद, ओला दगड, धारदार.' पिनो : 'चेरी, रासबेरी, मस्त, संपली पण.'

३ डिसेंबर २०२२

आठ बाटल्यांचा छोटा फ्रिज आला. आवाज नाही, थरथर नाही, आकडा १२. किंमत लिहीत नाही, नवरा ही वही वाचतो.

१५ जानेवारी २०२३

तळघर २०.४, बहुतेक वर्षातलं सगळ्यात खालचं. वर अंगणात सकाळी ८ अंश. गराडू (इथला हिवाळ्यातला कंद) तळले.

१९ एप्रिल २०२३

फ्रिजच्या आकड्यावर १२ दिसतंय, आत ठेवलेलं माझं यंत्र १९.८ सांगतंय. आकडा म्हणजे आपण मागितलेलं तापमान, मिळालेलं नव्हे! चूक माझी. घ्यायच्या आधी माहितीपत्रक नीट वाचायला हवं होतं. हा फ्रिज थर्मोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे आत कॉम्प्रेसर नाही. विजेच्या जोरावर एका पट्टीची एक बाजू गार होते, दुसरी गरम. असा फ्रिज खोलीपेक्षा पंधरा-अठरा अंशच खाली जाऊ शकतो. डिसेंबरात आमच्या जेवणघरात २४ होतं, तेव्हा तो हुशार होता. आता दुपारी ३७-३८ आहे, तर तो दमला. विकणाऱ्याला फोन केला. "मॅडम, फिर तो एसी लगवा लो." फ्रिज गार राहावा म्हणून एसी. वा.

डेव्हिएशन (ठरलेल्या अटींपासून ढळल्याची नोंद) क्रमांक १ : फ्रिजच्या चार बाटल्या १ ते १९ एप्रिल, एकोणीस दिवस १७ ते २० अंशांत. त्यांना तूर्त घरच्या मोठ्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात हलवलं. ८ अंश, फार गार, पण त्याने बिघडत नाही, फक्त मुरणं मंदावतं.

७ मे २०२३

कॉम्प्रेसरवाला फ्रिज आला. बारीक घुरघुरतो. १३ अंश मागितले, १२.८ ते १३.५ मिळाले. थर्मोइलेक्ट्रिक फ्रिजमध्ये सासूबाईंनी चॉकलेटं आणि देवाची फुलं ठेवायला घेतली, तो त्या कामाला उत्तम.

११ जून २०२३

तळघर २९.१. दिवस-रात्रीतला फरक ०.४. आज खाली उतरले तर शा-३ चं बूच काचेच्या कडेपेक्षा दीडेक मिलिमीटर वर आलेलं जाणवलं. बोटाने चाचपल्यावरच कळतं, डोळ्याला नाही. वाइन तापली की फुगते, बुचाखालची हवेची जागा तोकडी पडते आणि बूच थोडं वर सरकतं. हिवाळ्यात वाइन आकसेल तेव्हा तीच जागा बाहेरची हवा आत ओढेल. वर्षातून एकदा घेतलेला लांब श्वास म्हणा. दिवसा-रात्रीचा चढउतार नाही, हे नशीबच, नाहीतर रोज घेतला असता. दुकानातल्या काचेच्या कपाटात उभ्या ठेवलेल्या बाटल्यांचं काय होत असेल!

२० ऑगस्ट २०२३

आर्द्रता ९२ टक्के. लेबलांवर हिरवट बुरशी, बुचाला त्याचं काही नाही. खरा घोटाळा वाळवीने केला. घोडीच्या मागच्या पायातून चढून पि-३ आणि पि-४ चं अर्धं लेबल खाल्लं, सालाच्या आकड्यासकट. काचेवरचे क्रमांक शाबूत. ताईला फोटो पाठवला तर म्हणाली, चांगल्या वाइनची पारख आहे वाळवीला. घोडी रॉकेलने पुसली नाही, वास बसेल म्हणून. पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, आजी दूधदुभत्याची जाळी ठेवायची तसे.

५ नोव्हेंबर २०२३

तळघराचं वर्ष पूर्ण. सगळ्यात कमी २०.४, सगळ्यात जास्त २९.१, साधी सरासरी २४.९. आमच्या धंद्यात मात्र साधी सरासरी चालत नाही. चार महिने थंडी आणि चार महिने उन्हाळा एकमेकांना फेडत नाहीत, उन्हाळा जास्त नुकसान करतो. म्हणून मीन कायनेटिक टेंपरेचर काढतात, एमकेटी. ते आलं २५.४.

आता हिशेब. ढोबळ नियम धरला की दहा अंशांमागे रासायनिक क्रिया दुपटीने होतात, तर बोनच्या १२.५ च्या तुलनेत इथे वेग सुमारे अडीचपट. औषधांसाठी वापरतो तो सक्रियण-ऊर्जेचा आकडा (तापमानाबरोबर क्रिया किती वेग घेते ते यावर ठरतं), ८३ किलोजूल, धरला तर साडेचारपट. म्हणजे इथलं एक वर्ष तिथली अडीच की साडेचार? दोन्ही. वाइनमध्ये एकच क्रिया चालत नाही. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात, तुरटपणा मऊ होतो. ताज्या फळाचा वास देणारी एस्टरं फुटतात. वाइन टिकावी म्हणून घातलेला सल्फर डायऑक्साइड खर्च होतो, मागोमाग ऑक्सिडेशन, तपकिरीपणा. प्रत्येकीची तापमानाची ओढ निराळी. उष्णतेत सगळ्या सारख्या पटीने धावल्या असत्या तर दुकानदाराच्या तारखांना अडीचने भागून मोकळं होता आलं असतं. पण एक पुढे पळते, एक मागे राहते. आम्ही ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने गोळ्या ठेवतो, तेव्हाही खऱ्या मुदतीचा अंदाजच बांधतो. सिरपच्या बाबतीत तर तो कित्येकदा चुकतो. आणि वाइन सिरपच्या जातीची.

आज हे सासूबाईंना समजावत होते. त्या म्हणाल्या, "आंब्याचं लोणचं उन्हात ठेवलं तर लवकर मुरत नाही, लवकर काळं पडतं." एवढंच मी चार पानांत लिहिलं होतं.

२५ नोव्हेंबर २०२३ : पिनो, पहिली जोडी

पि-१ (फ्रिज) आणि पि-३ (तळघर). तळघराची बाटली आदल्या दिवशी फ्रिजमध्ये आणली, म्हणजे दोन्ही एकाच तापमानाला. ग्लासात १५ अंश. 'रूम टेंपरेचर' हा शब्द दगडी, गार घरांतला. रामबागेत त्याचा अर्थ धरायचा नाही. ताईने ओतल्या, ग्लासांच्या बुडाशी खुणा केल्या. पिणारे चौघं : ताई, भाऊजी, नवरा, मी.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला. एकाचा रंग फालशाच्या सरबताचा, कडेपर्यंत लाल-गुलाबी. दुसऱ्याच्या कडेला विटकरी झाक. पिनोची साल पातळ, मुळातच रंगद्रव्य कमी, त्यामुळे वय तिच्या कडेवर लवकर दिसतं. कॅबरने द्राक्षाच्या वाइनमध्ये एवढ्यात दिसलं नसतं.

वास घेतल्यावर मात्र अंदाज चुकले. लाल ग्लास जवळजवळ गप्प. चेरी कुठेतरी लांब, वर आंबटपणा आणि तुरट कड. विटकरी ग्लास बोलका : सुकवलेली चेरी, पहिल्या पावसात भिजलेला पाचोळा, थोडं आळिंबं. चौघांपैकी तिघांनी विटकरीला पसंती दिली. मीही. खुणा बघितल्या तर विटकरी तळघराचा निघाला! भाऊजी म्हणाले, "मग फ्रिजचे पैसे..." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

तासाभराने परत घेतलं. तळघराचा ग्लास बसला होता. पाचोळा राहिला, फळ गेलं, शेवटी आमसुलाच्या पाण्यासारखी आंबट शेपूट. फ्रिजचा ग्लास हळूहळू जागा होत होता.

माझा अर्थ : बर्गंडीची पिनो तरुणपणी दोन-तीन वर्षं फळांनी भरलेली असते, मग काही वर्षं मिटून जाते, मग पुन्हा उघडते आणि तेव्हा तिच्यात नवे वास असतात. मिटलेल्या काळात उघडलं की लोक म्हणतात, एवढे पैसे कशाला दिले. २०१९ चं साल तिथे गरम आणि कोरडं होतं, द्राक्षं चांगली पिकली होती, म्हणून ती फार काळ मिटेल असं वाटत नाही. फ्रिजची बाटली आता मिटल्या दाराआड आहे. तळघराची ते दार ओलांडून पलीकडे पोचली, पण पलीकडच्या खोलीत तिला बसायला जागाच उरली नाही. तिची वेळ बहुधा आज रात्रीचा पहिला तास हीच होती.

१६ डिसेंबर २०२३ : शार्डोने, पहिली जोडी

आजची नोंद लांब आहे.

शा-१ (फ्रिज) आणि शा-३ (तळघर, वर सरकलेल्या बुचाची). ग्लासात ११ अंश. शा-१ : फिकट सोनेरी, कडेला हिरवट चमक, लिंबाची साल, ओली पाटी. प्यायल्यावर गालांत पाणी सुटतं. शा-३ चा रंग ग्लासात पडतानाच कळला, मधासारखा, कडक चहाकडे झुकणारा. फक्त तीन वर्षांची वाइन. वास घेतला : मार लागलेलं सफरचंद, अक्रोड, आणि... मेथी.

मेथीवर विश्वास ठेवायला मी तयार नव्हते, कारण स्वयंपाकघरात खरोखरच मेथीचे लाडू चालले होते. डिंक तळून झाला होता, तुपात भिजवलेल्या मेथीच्या पिठाचा वास जिन्यापर्यंत भरला होता. नमुना दूषित! दोन्ही ग्लास झाकून गच्चीवर गेलो. कडाक्याची थंडी, मोकळी हवा, दहा मिनिटं नाक रिकामं केलं. पुन्हा घेतला. मेथीच. शा-१ मध्ये नाही, शा-३ मध्ये आहे.

खात्रीसाठी सासूबाईंना वर बोलावलं. त्यांनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, पण हिंग भेसळीचं आहे की नाही हे पुडी न उघडता सांगतात. त्यांनी पदर नाकाशी नेऊन बाजूला केला, एकदाच हुंगलं आणि म्हणाल्या, "मेथी. पण जुनी. गेल्या वर्षीची."

मेथीच्या दाण्याला जो वास असतो तो मुख्यतः सोटोलॉन नावाच्या पदार्थाचा. अकाली ऑक्सिडीकरण झालेल्या पांढऱ्या वाइनमध्ये तोच तयार होतो आणि अगदी सूक्ष्म मात्रेतही नाकाला सापडतो. बर्गंडीच्या पांढऱ्या वाइनला हे दुखणं १९९५-९६ च्या सालांपासून लागलं. वीस वर्षं टिकतील म्हणून ठेवलेल्या बाटल्या सात-आठ वर्षांत तपकिरी निघू लागल्या. बुचं, कमी केलेला सल्फर, दाबयंत्रांची बदललेली पद्धत, पिंपात गाळ ढवळण्याची हौस, असे बरेच संशयित आहेत आणि कोणा एकावर गुन्हा शाबीत झालेला नाही. त्यातल्या बऱ्याच उत्पादकांनी नंतर बुचाची जात बदलली, काहींनी डायमसारखी भुसा करून, धुऊन, पुन्हा घडवलेली बुचं घेतली. तिथल्या १२ अंशांत जे सात वर्षांत झालं, ते आमच्या तळघरात वर्षात उरकलं असावं.

मग टायट्रेशन, म्हणजे वाइनमध्ये मोकळा सल्फर डायऑक्साइड किती उरलाय ते थेंब मोजून काढणं. ब्युरेट (मापाच्या खुणांची काचनळी), आयोडीन, स्टार्च, सगळं आणून ठेवलं होतं. जेवणघराच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र. ५० मिलिलीटर वाइन, थोडं पातळ सल्फ्युरिक आम्ल, स्टार्चचे थेंब, आणि ०.०२ नॉर्मल तीव्रतेचं आयोडीन थेंबाथेंबाने. मोकळा सल्फर डायऑक्साइड आहे तोवर तो आयोडीनला खातो. संपला की पुढचा थेंब स्टार्चला निळा करतो. शा-१ ने १.७ मिलिलीटर घेतलं, म्हणजे लिटरला साधारण २२ मिलिग्रॅम. शा-३ ला ०.६ लाच निळं झालं : ८ मिलिग्रॅम. वाइनची राखण करणारा हाच. त्याचं गाठोडं रिकामं झालं की पुढचा प्राणवायू थेट वाइनला भिडतो. लाल वाइनला टॅनिनचा आणखी एक आधार असतो, शार्डोनेला तो जवळजवळ नाही. पिनोसाठी ही चाचणी करत नाही, निळं कुठे झालं ते लाल रंगात दिसत नाही आणि रंगद्रव्यंही आयोडीन खातात.

ताईने मध्येच सांगितलेली गोष्ट : १९९९ मध्ये डीएनए तपासून सिद्ध झालं की शार्डोने ही पिनो आणि गुए ब्लाँ नावाच्या एका सामान्य पांढऱ्या द्राक्षाची संतती. सासूबाई लाडू वळता वळता म्हणाल्या, "म्हणजे लेकरू आईबापाआधी म्हातारं झालं."

शा-३ कोणी संपवली नाही. तिच्यात कांदा-लसूण परतून मशरूम केले. मेथीची चव आली, चांगली लागली.

१७ डिसेंबर २०२३

ताईशी वाद. शा-४ तळघरातच आहे आणि ती तिची आहे. माझ्या योजनेप्रमाणे ती पुढच्या डिसेंबरात. ती म्हणाली, "अगं, ती प्यायची वाइन आहे, सॅम्पल नाही." खरं आहे. पण मग दुसरा आकडा कुठून येणार? तोड : होळीपर्यंत थांबायचं.

२४ मार्च २०२४

आज होळी. शा-४ उघडली. आणि ही बरी निघाली! रंग गडद सोनेरी, पण चहा नाही. मध, भाजलेले काजू, लिंबाचा मुरांबा. मेथी शोधून सापडत नाही. टायट्रेशन : १.१ मिलिलीटर, १४ मिलिग्रॅम. तेच तळघर, तोच खोका, तीच घोडी, उलट तीन महिने जास्त. फरक फक्त बुचाचा. नैसर्गिक बूच म्हणजे झाडाची साल, एकातून हवा जास्त झिरपते, दुसऱ्यातून कमी. उष्णतेने तो फरक वाढवून दाखवला असणार.

म्हणजे डिसेंबरात मी जे ठामपणे लिहिलं, त्यातली अर्धी कमाई एका ढिल्या बुचाची होती. एकेका नमुन्यावर निष्कर्ष काढणाऱ्या ज्युनियर मुलांना मी किती झापलंय! आधीची नोंद खोडत नाही, तशीच राहू दे.

पिऊन मात्र मजा आली. पुरणपोळीबरोबर चालली नाही, कैरीच्या डाळीबरोबर चालली.

१७ नोव्हेंबर २०२४

भाच्याचा बोनहून फोन. तिथल्या ऑस्पिसचा, म्हणजे जुन्या धर्मादाय रुग्णालयाचा, वाइनचा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो, १८५९ पासून चालत आलाय, गावात जत्रा. तो एका तळघरात उभा राहून बोलत होता, आवाज घुमत होता. भिंतीवर काळी बुरशी, तापमान १२. मालकाला त्याने विचारलं, कधी उघडायच्या? मालकाने सांगितलं, साधी बर्गंडी घेऊन गेलास तर दोन-चार वर्षांत संपव, गावच्या नावाची पाच ते आठ, प्रीमिये क्रू आठ ते पंधरा, ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यात वरची प्रत, तुझ्या धीरावर. पांढरीला प्रत्येक पायरीवर थोडं कमी धर. मोठी दीड लिटरची बाटली असेल तर जास्त, कारण वाइन दुप्पट पण बूच तेवढंच. भाच्याने मग माझं तळघर २५ अंशांचं आहे असं सांगितलं. मालक म्हणाले म्हणे, मग ते तळघर नाही, स्वयंपाकघर आहे.

८ डिसेंबर २०२४ : पिनो, दुसरी जोडी

पि-२ (फ्रिज) : दार उघडलं. चेरी परत आली आणि तिच्या मागे ओला पाचोळा, थोडं चामडं, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या. तुरटपणा मऊ. कडेला आता कुठे विटकरी रेघ. तीन तास ग्लासात टिकली. पि-४ (तळघर) : सपाट. रंग विटेचा, तळाशी बारीक गाळ, वास चिंचेच्या कोळाचा. भाऊजींनी विनम्रपणे "हीसुद्धा वाईट नाही" म्हटलं आणि ग्लास पुढे सरकवला तो सरकवलाच.

उरली एक : शा-२.

२१ जानेवारी २०२५

लोक विचारायला लागलेत. आज शेजारच्या काकांनी नाशिकची एक आणि अकलूजची एक, अशा दोन शार्डोने दाखवल्या, दोन्ही चार वर्षांच्या, कपाटावर ठेवलेल्या. "मुरल्या असतील ना?" एकही मुरलेली नव्हती, दोन्ही विटल्या होत्या. मुरणं आणि विटणं या दोन शब्दांमधलं अंतर इंदूरच्या कपाटावर एका उन्हाळ्याचं असतं.

काकांना जे सांगितलं ते लिहून ठेवते. कॉम्प्रेसरचा फ्रिज नसेल तर ठेवायच्या भानगडीत पडायचं नाही. आपल्याकडची शार्डोने तरुणपणी प्यायलाच केलेली असते. दुकानातून सगळ्यात अलीकडचं साल मागायचं, जमलं तर फिरकीच्या झाकणाची, आणि पुढच्या एप्रिलच्या आत संपवायची. सालाचा आकडा बघतानाही एक ध्यानात ठेवायचं : आपल्याकडे द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, फ्रान्समध्ये ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर. एकाच सालाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-सात महिन्यांनी थोरली. बाहेरची बर्गंडी दुकानातून घ्यायची तर सीमाशुल्कच दीडशे टक्के, वर राज्याचे कर, आणि एवढं देऊनही ती गोदामात कोणत्या मे महिन्यातून गेली ते कोणी सांगत नाही. मी स्वतः दुकानातून महागडी पिनो ठेवण्यासाठी घेणार नाही. आज रात्री प्यायला घेईन.

फ्रिज असेल तर पिनोच्या बाबतीत माझं मत बदललंय. आधी मी लवकर उघडा म्हणणाऱ्यांतली होते. पि-२ नंतर तसं म्हणवत नाही.

काकांनी सगळं ऐकून विचारलं, "आणि व्हिस्की?" तिचं बाटलीत काही मुरत नाही काका, ती पिंपात असतानाच काय ते.

४ ऑगस्ट २०२५

रात्री सात तास वीज नव्हती. फ्रिज १३ वरून १६.१ पर्यंत गेला, सकाळपर्यंत खाली आला. डेव्हिएशन क्रमांक २. बाटलीतली वाइन फ्रिजमधल्या हवेइतकी चटकन तापत नाही, त्यामुळे काही करायचं नाही असा शेरा.

२१ ऑक्टोबर २०२५ : शा-२

भाचा आला, सूनबाई आली, तिच्या मांडीवर सात महिन्यांची नात. लक्ष्मीपूजन काल झालं. दुपारी ताईने विचारलंच नाही, सरळ फ्रिज उघडला.

पाच वर्षांची शाब्ली. रंग सोनेरी, हिरवी चमक गेलेली. लिंबू आहे, पण साखरेत घोळलेलं. मागे भाजलेले हेझलनट, थोडं लोणी, थोडं आळिंबं, आणि तो ओला दगड तसाच. भाच्याने तिकडे २०२२ मध्ये प्यायलेली ही तीच, हे त्याला आधी पटेना. "तेव्हा हिला धार होती. आता अंगही आलंय." मी आणखी दोन वर्षं ठेवली असती का? असती. ताईने ठेवू दिली नसती. मेथी नाही, सासूबाईंकडून हुंगवून घेतलं.

ब्युरेट धुऊन, आयोडीन भरून तयार ठेवलं होतं. लक्ष्मीपूजनाच्या उरलेल्या अनारशांच्या गडबडीत ५० मिलिलीटर बाजूला काढायचं राहिलं आणि आठवलं तेव्हा बाटली पालथी होती. शा-२, मोकळा सल्फर डायऑक्साइड : या रकान्यात रेघ.